आयसीयूतला रुग्ण आणि बुरशी : घरच्या बाईला काय माहीत असावं?



रुग्ण आयसीयूत जाऊन सात-आठ दिवस झाले की कधी कधी डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "पेशंटच्या तपासणीत बुरशी सापडली आहे." बाहेर बाकावर बसलेल्या घरच्या माणसांना याचा अर्थच लागत नाही. बुरशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती शिळ्या भाकरीवरची नाहीतर लोणच्यावरची. "एवढा स्वच्छ दवाखाना, चपला बाहेर काढायला लावत्यात, मग बुरशी आली कुठनं?" असा प्रश्न पडतो. कुणी लगेच दवाखान्याला दोष देतं. कुणी २०२१ सालची काळी बुरशी आठवून हातपाय गाळतं. कुणी "बुरशीच हाय, काय होतंय" म्हणून सोडून देतं. या तिन्हींत नुकसान आपलंच.

कबनूरमधून रुग्ण हलवायचा म्हटलं की आधी इचलकरंजीचं आयजीएम, तिथून कोल्हापूरचं सीपीआर, नाहीतर मिरज-सांगली. रुग्णासोबत धावणारी, कागद सांभाळणारी, रात्रभर बाहेर बसणारी बहुतेक वेळा घरची बाईच असते. डॉक्टर काही विचारतात तेव्हा उत्तर तिलाच द्यायचं असतं. आपल्या गटांच्या दशसूत्रीत आरोग्य आहे, ते अशाच वेळेसाठी. म्हणून या अंकात हा विषय सोपा करून घेतला आहे.

बुरशी अंगावर असणं वेगळं, बुरशीचा आजार होणं वेगळं

पहिली गोष्ट नीट लक्षात घ्या. बुरशी बाहेरून येतेच असं नाही. 'कॅन्डिडा' नावाची एक बारीक बुरशी आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या तोंडात, आतड्यात, योनीमार्गात आणि कातडीवर कायम थोडीथोडी असते. तिच्याबरोबर लाखो-करोडो जिवाणूही राहतात. ते जागा अडवून बसलेले असतात, म्हणून बुरशीला हातपाय पसरता येत नाहीत. अंगात ताकद असेल, कातडी आणि आतड्याचं अस्तर धड असेल, तर ही बुरशी जन्मभर सोबत राहते आणि काही करत नाही.

लोणच्याच्या बरणीचं उदाहरण घ्या. बुरशीचे बारीक कण हवेत असतातच. तरी वर तेलाचा थर असला आणि चमचा कोरडा असला तर लोणचं वर्षभर टिकतं. तेल खाली गेलं, ओला चमचा पडला, झाकण उघडं राहिलं, की चार दिवसांत पांढरा थर दिसतो. बुरशी तीच, हवा तीच. फरक पडला तो बरणीच्या अवस्थेत.

बायकांना तर हा अनुभव घरचाच आहे. तापासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी जिवाणूमारक गोळ्यांचा कोर्स घेतला आणि तो संपता संपता खाजेचा, दह्यासारखं पांढरं जाण्याचा त्रास सुरू झाला, असं अनेकींना झालं असेल. गोळ्यांनी वाईट जिवाणू मेले, त्यांच्याबरोबर राखण करणारे चांगलेही मेले आणि मोकळ्या जागेत कॅन्डिडा वाढली. साखर वाढलेल्या बाईला हाच त्रास पुन्हा पुन्हा होतो. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पुसूनही न जाणारा पांढरा थर येतो, तीही बहुधा हीच बुरशी.

आयसीयूत हेच घडतं, पण मोठ्या प्रमाणात. बुरशी थुंकीत, लघवीत, कातडीवर, जखमेवर अशी जागोजाग वाढलेली सापडते, पण तिने आजार केलेला नसतो. याला डॉक्टर 'कॉलोनायझेशन' म्हणतात. आपल्या भाषेत, बुरशीनं बिऱ्हाड थाटलंय, पण अजून घर फोडलेलं नाही. ती रक्तात किंवा पोटाच्या आत शिरली की मग तो खरा संसर्ग, आणि तो जिवावर बेततो. बिऱ्हाड थाटायला आणि तिथून रक्तात शिरायला कशाकशाची मदत होते, ते आता पाहू.

कुठल्या गोष्टींनी धोका वाढतो?

१. जास्त दिवसांची, भारी अँटिबायोटिक्स. गंभीर रुग्णाला ही औषधं द्यावीच लागतात, नाहीतर जिवाणूंच्या संसर्गानं तो वाचणार नाही. पण ही औषधं बुरशीला मारत नाहीत. शेतातलं सगळं तण-पीक काढून रान मोकळं टाकलं की दुसरंच काहीतरी माजतं, तसं आतड्यात होतं. औषधं जितकी जास्त आणि जितके जास्त दिवस, तितकी बुरशीला जागा मोठी.

२. नळ्या. मानेत किंवा छातीजवळ घातलेली मोठी सलाईनची नळी, लघवीची नळी, श्वासाची नळी, पोटातून काढलेली नळी. प्रत्येक नळी ही बाहेरून आत जाणारी वाट. शिवाय पाण्याच्या टाकीच्या आतून जसा बुळबुळीत थर धरतो, तसा थर बुरशी नळीच्या आत-बाहेर धरते. त्या थरात औषध नीट पोचत नाही. म्हणून पुष्कळदा औषधाबरोबर ती नळी काढावी किंवा बदलावी लागते. डॉक्टर "नळी बदलतोय" म्हणाले तर "परत टोचणार का?" म्हणून अडवू नका.

३. शिरेतून दिलं जाणारं अन्न. काही रुग्णांना पोटातून काहीच देता येत नाही, तेव्हा पोषण शिरेतून द्यावं लागतं. ते गरजेचं असतं, पण त्यानं बुरशीचा धोका वाढतो. शिवाय आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तर कमजोर होतं.

४. पोटाची मोठी शस्त्रक्रिया. आतडं फुटणं, आतड्याचा टाका सुटणं, स्वादुपिंडाला जोराची सूज येणं. आतड्यातली बुरशी इथं थेट पोटाच्या पोकळीत पडते.

५. वाढलेली साखर. मधुमेह असलेला रुग्ण तर आहेच. पण पूर्वी मधुमेह नसलेल्यांचीही साखर मोठ्या आजारात आणि स्टेरॉइडमुळे वाढू शकते.

६. स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं. दमा, सांधेवात, किडनी बदललेले रुग्ण, कॅन्सरची केमो चाललेले रुग्ण यांत येतात.

७. डायलिसिस, मोठं भाजणं, व्हेंटिलेटर. शरीराचं एकेक संरक्षण यात बाजूला पडतं. भाजलेल्या रुग्णाला तर कातडीचं कुंपणच राहत नाही.

८. दिवस. आयसीयूतला प्रत्येक जास्तीचा दिवस धोका वाढवतो. आत येताना ज्याच्या तपासणीत बुरशी नव्हती, त्याच्यात आठवड्यानं ती सापडू शकते.

यातली एकच गोष्ट असली तर धोका मर्यादित असतो. पण आयसीयूत या गोष्टी एकट्या येत नाहीत. साखरेचा रुग्ण, त्याचं आतड्याचं ऑपरेशन, त्यासाठी भारी अँटिबायोटिक, त्यासाठी मानेतली नळी, आणि दहा दिवस मुक्काम. अशी एकावर एक ओझी चढत जातात.

आकडे काय सांगतात?

जगभरच्या अभ्यासांतून दिसलं आहे की आठवडाभर आयसीयूत राहिलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरातल्या ऐंशीपर्यंत रुग्णांच्या अंगावर कॅन्डिडानं बिऱ्हाड केलेलं सापडू शकतं. त्यांच्यापैकी खरा आतला संसर्ग होतो तो शंभरातल्या पाच ते तीस जणांना. म्हणजे "बुरशी सापडली" हे वाक्य ऐकून लगेच रडारड करायचं कारण नाही. पण कोणत्या रुग्णावर बारीक लक्ष ठेवायचं, हे त्यावरून डॉक्टरांना कळतं.

आपल्या देशातला मोठा अभ्यास चंदीगडच्या पीजीआय संस्थेतले डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. एप्रिल २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात देशातल्या २७ आयसीयूंमधले १४०० रुग्ण त्यांनी नोंदवले. या सगळ्यांच्या रक्तात कॅन्डिडा आयसीयूत आल्यानंतर शिरली होती. आयसीयूत दाखल होणाऱ्या दर हजार रुग्णांमागे साधारण साडेसहा जणांना असा संसर्ग झाला. यातल्या निम्म्या रुग्णांना तो पहिल्या आठ दिवसांतच झालेला होता. आणि महिनाभरात त्या शंभरातले जवळजवळ पंचेचाळीस दगावले. हे रुग्ण आधीच गंभीर होते, सगळे मृत्यू बुरशीनंच झाले असं नाही. तरीही रक्तातली बुरशी हलक्यात घ्यायची गोष्ट नाही, एवढं यातून नक्की कळतं.

कुणाला धोका जास्त हे ओळखायला २००६ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी एक सोपा हिशोब मांडला. आपण गटात गुण देतो तसाच. शिरेतून पोषण चालू असेल तर १ गुण, शस्त्रक्रिया झाली असेल तर १, बुरशी शरीरात एकाहून जास्त ठिकाणी सापडली असेल तर १, आणि संसर्ग अंगभर पसरून अवयव ढासळायला लागले असतील तर २. बेरीज तीन किंवा त्याहून जास्त झाली की सावध व्हायचं आणि बुरशीवरच्या औषधाचा विचार करायचा. आज वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पद्धती वापरतात, पण मुद्दा तोच: एक कारण बघून निर्णय होत नाही, बेरीज बघावी लागते. म्हणूनच शेजारच्या कॉटवरच्या रुग्णाला बुरशीचं औषध चालू केलं आणि आपल्याला नाही, तर लगेच संशय घेऊ नये. विचारावं जरूर.

२०२१ ची काळी बुरशी ही वेगळी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसनं हाहाकार केला. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्णांची नोंद झाली होती आणि महाराष्ट्र त्यात वरच्या राज्यांत होता. ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक या गावातून त्या गावात फिरत होते. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा काढावा लागला.

ही बुरशी आपल्या आतड्यातली नव्हे. ती मातीत, कुजणाऱ्या पाल्यात, हवेत असते आणि नाकावाटे शिरते. नाकाजवळून डोळ्याकडे आणि मेंदूकडे जाते. कॅन्डिडापेक्षा तिची चाल वेगळी आहे, औषधही वेगळं. पण तिनं शिकवलेला धडा इथंही लागू पडतो. तेव्हा बळी पडलेल्यांत साखर आटोक्यात नसलेले आणि स्टेरॉइड जास्त किंवा गरज नसताना घेतलेले रुग्ण खूप होते. स्टेरॉइडनं कोरोनाच्या गंभीर रुग्णांचे जीव वाचले हेही खरं. औषध तेच, पण कुणाला, किती आणि किती दिवस, यावर सगळं अवलंबून.

हातानं पसरणारी बुरशी

कॅन्डिडाच्याच कुळातली एक जात 'कॅन्डिडा ऑरिस'. २००९ साली जपानमध्ये एका वयस्कर बाईच्या कानातल्या स्रावातून ती पहिल्यांदा ओळखली गेली. ऑरिस म्हणजे लॅटिन भाषेत कान. पुढं ती आपल्या देशातल्या मोठ्या आयसीयूंमध्येही सापडली आणि २०१७ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं दवाखान्यांना तिच्याबद्दल सूचना काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली धोकादायक बुरश्यांची यादी केली, त्यात ही सगळ्यात वरच्या गटात आहे.

तिची दोन कारणांनी भीती. एक, नेहमीच्या औषधांना ती पुष्कळदा दाद देत नाही. दोन, ती कातडीवर आणि कॉटच्या दांड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर, टेबलावर कितीतरी दिवस जिवंत राहते आणि हातांवरून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या एका दवाखान्यात २०१५ ते २०१७ दरम्यान सत्तर रुग्णांच्या अंगावर ही बुरशी सापडली. शोध घेता घेता धागा लागला तो काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापकापाशी. ते तापमापक बंद केल्यावर नवे रुग्ण कमी झाले. एवढीशी वस्तू, पण सत्तर माणसं.

म्हणूनच आयसीयूच्या दारात सिस्टर "हात धुवा", "एकानंच या", "कॉटवर बसू नका" म्हणून ओरडतात. त्यांचा राग धरू नका. त्यात आपल्याच माणसाचा जीव आहे.

काचेच्या पेटीतलं बाळ

दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, दीड किलोच्या आतलं बाळ हाही आयसीयूतला रुग्णच. एक किलोच्या आतल्या बाळाला धोका सगळ्यात जास्त. त्याची कातडी कागदासारखी पातळ, प्रतिकारशक्ती अपुरी, त्यात नळ्या आणि अँटिबायोटिक्स. आईच्या योनीमार्गातली कॅन्डिडा जन्मताना बाळाच्या अंगावर येऊ शकते. म्हणून गरोदरपणी खाज, पांढरं जाणं असेल तर लाजून लपवू नका. आशाताईला किंवा डॉक्टरांना सांगून वेळेत उपचार घ्या.

बाळ पेटीत असताना आईनं हात कोपरापर्यंत स्वच्छ धुवून, अंगठ्या-बांगड्या काढून आत जावं. आपलं दूध काढून द्यावं. आईचं दूध पोटात गेलं की आतड्यात चांगले जिवाणू वाढतात, आणि शिरेतून द्यायच्या पोषणाचे दिवस कमी होतात. डॉक्टर बाळाला छातीशी घ्यायला सांगतील तेव्हा घाबरू नका. "एवढंसं बाळ, हात लावू नको" असं घरातली वडीलधारी म्हणतील. त्यांना हा लेख वाचून दाखवा.

रिपोर्टमध्ये काय लिहिलेलं असतं?

रिपोर्ट हातात आला की 'यीस्ट', 'कॅन्डिडा', 'फंगस' असे शब्द दिसतात. त्याआधी एक गोष्ट बघा: नमुना कशाचा होता?

- थुंकी किंवा श्वासनळीतला नमुना असेल, तर बहुतेक वेळा ते बिऱ्हाडच असतं. त्यासाठी औषध लागतंच असं नाही.
- लघवीचा नमुना असेल आणि लघवीची नळी असेल, तर पुष्कळदा नळी काढणं किंवा बदलणं पुरतं. ताप नसेल तर औषधाची गरज नसू शकते.
- रक्ताचा नमुना असेल आणि त्यात कॅन्डिडा आली असेल, तर ते बिऱ्हाड नव्हे. त्यावर उपचार लागतातच आणि लवकर लागतात.
- पोटाच्या आतल्या पाण्याचा किंवा ऑपरेशनमध्ये घेतलेला नमुना असेल, तरी गंभीरपणे घ्यावा लागतो.

रक्तात बुरशी वाढवून बघायला दोन-तीन दिवस किंवा जास्तही लागतात, आणि संसर्ग असूनही रक्तात ती प्रत्येक वेळी सापडतेच असं नाही. त्यामुळे कधी कधी डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता रुग्णाची अवस्था बघून औषध सुरू करतात. कधी बिऱ्हाड दिसूनही थांबतात, कारण ही औषधंही महाग आहेत, काहींनी किडनी आणि लिव्हरवर ताण येतो, आणि उगाच वापरली तर बुरशी त्यांना सरावते.

आपण काय करायचं?

उपचार डॉक्टरांचं काम. पण काही गोष्टी फक्त घरच्यांनाच माहीत असतात आणि घरच्यांनाच करता येतात.

दाखल करताना हे सगळं सांगा, काही लपवू नका:

- साखर आहे का, किती वर्षं, शेवटची तपासणी कधी झाली.
- गेल्या तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक्स घेतली. पाकिटं असतील तर घेऊन जा.
- दमा, सांधेदुखी, कातडीचे रोग यासाठी औषध चालू आहे का. गावातनं आणलेल्या बिननावाच्या पुड्या, "ताकदीची" इंजेक्शनं यांत स्टेरॉइड असू शकतं. पुडी तशीच घेऊन जा आणि दाखवा. लाज नाही, उलट त्यानं जीव वाचेल.
- अलीकडं दुसऱ्या दवाखान्यात किंवा आयसीयूत किती दिवस काढले.
- रुग्णाला कवळी आहे का. कवळीखाली बुरशी वाढते. ती काढून स्वच्छ ठेवायला सिस्टरना सांगा.

रोज डॉक्टर भेटतील तेव्हा शांतपणे हे विचारा:

- आज कुठली नळी काढता येईल का?
- तोंडावाटे किंवा नाकातल्या नळीवाटे अन्न कधी सुरू होईल?
- साखर किती आहे?
- अँटिबायोटिक अजून किती दिवस लागेल?

हे प्रश्न भांडण म्हणून विचारू नका. चांगले डॉक्टर रोज स्वतःलाच हे प्रश्न विचारत असतात. आपण विचारले की आपल्यालाही रुग्ण कुठं आहे ते कळतं. उत्तरं वहीत तारीख घालून लिहा. गटाचं इतिवृत्त लिहिणारीला हे सहज जमेल.

भेटायला जाताना:

- आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर, दोन्ही वेळा हात धुवा किंवा सॅनिटायझर लावा. बोटांच्या बेचक्यात, नखांत आणि बांगड्यांखाली नीट चोळा.
- एका वेळी एकच जण. शेजारच्या कॉटला, तिथल्या सामानाला हात लावू नका.
- अंगारा, हळद, तेल जखमेला किंवा नळीच्या तोंडाशी लावू नका. मनगटात बांधलेला दोरा ओला राहतो आणि तिथंच सुई असते. श्रद्धा असेल तर अंगारा घरी देव्हाऱ्यात ठेवा, देवाला तिथूनही ऐकू जातं.
- फुलं, कुंडी, ओली माती आत नेऊ नका.
- घरची पेज, सूप नळीतून द्यायला न विचारता आणू नका.

आयसीयूच्या कितीतरी आधी, घरीच

रुग्ण आयसीयूत गेल्यावर आपल्या हातात थोडंच उरतं. त्याआधी मात्र पुष्कळ असतं.

साखर असेल तर गोळ्या मध्येच सोडू नका. "आता बरं वाटतंय" म्हणून सोडलेली गोळी पुढं ऑपरेशनच्या वेळी महागात पडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून मिळते. गटातल्या तिशीच्या वरच्या प्रत्येकीनं वर्षातून एकदा तरी ती करून घ्यावी.

सर्दी-खोकल्याला दुकानातून दोन-चार अँटिबायोटिक गोळ्या आणून खाऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्धवट सोडू नका. एका घरातल्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्या घरात देऊ नका.

अशक्तपणा वाटला की "एक सलाईन लावा, तरतरी येईल" ही आपल्याकडची जुनी सवय. तोंडानं पाणी, पेज, ताक पोटात जात असेल तर सलाईनची गरज नसते. उगाच टोचलेली प्रत्येक सुई म्हणजे एक उघडं दार.

स्टेरॉइड डॉक्टरांनी दिलं असेल तर ते स्वतःहून वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. एकदम बंद केल्यानं जीव धोक्यात येतो.

पैशाचं काय?

बुरशीवरची इंजेक्शनं महाग असतात आणि आयसीयूचे दिवस वाढले की बिल वाढतं. अशा वेळी घाईत खासगी सावकाराकडं जाण्यापूर्वी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. २०२१ साली म्युकरमायकोसिसचे उपचारही या योजनेत घेतले होते. दवाखाना योजनेत आहे का, आणि आपल्या रुग्णाचा आजार व उपचार त्यात बसतात का, हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला विचारा. बिल भरल्यावर विचारून उपयोग होत नाही. रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या झेरॉक्स घरात एका पिशवीत तयार ठेवा. तीच पिशवी औषधांच्या चिठ्ठ्या आणि साखरेच्या रिपोर्टसाठीही वापरा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

हा लेख बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा. मग प्रत्येकीनं आपल्या घरातल्या माणसांची यादी करावी: कुणाला साखर, कुणाला रोजचं औषध, कुणी पुड्या घेतं. ती यादी आपल्या घरी त्याच पिशवीत ठेवावी. आजाराची माहिती ज्याच्या त्याच्या घरची, ती गटात उघड करायची सक्ती नको. पण पिशवी तयार आहे की नाही, एवढं मात्र गटानं प्रत्येकीला विचारावं.

आणि आपल्यापैकी कुणाचं माणूस आयसीयूत असेल, तर तिच्याबरोबर एकीनं जाऊन बसावं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईला रात्री दोन वाजता डॉक्टरांनी सांगितलेलं निम्मं कळत नाही. दोघी असल्या तर एक ऐकते आणि एक लिहिते.